गल्ली सरू दे

आक्का, काल तुझं दिवसकार्य झालं, गंधमुक्ती. तुझा भाऊ आज सकाळच्या पॅसेंजरने गावी परत गेला. जाताना तुझी कैची मागत होता, बहिणीची आठवण म्हणून. गल्लीतल्या बायांनी दिली नाही. म्हणाल्या, लुगडं न्या, पितळी तांब्या न्या, कैची इथेच राहील. तो बिचारा मुकाट तांब्या घेऊन गेला. तुझ्या गल्लीतल्या बायांपुढे आजवर कुणाचं काही चाललंय का?

आज कारखान्याला सुटी आहे. दुपारी नेहमीसारखं महेशभाईच्या केबलच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं आहे, आणि तुझं नाव घ्यायचं आहे. ज्या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडलो तीच आता माझ्या पदरात आली आहे, आणि मी जायचं टाळत बसलोय. भरल्या चौकात गाताना माझा आवाज कधी हलला नाही, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असायलाच हवं, मीच तुला शंभरदा सांगितलंय. त्यावर तू म्हणायचीस, "हा रे भाऊ, तू मोठा, तुन्हा आवाज मोठा, आते च्या पी."

तर चहा पिऊन झालाय. खोलीत जाण्याआधी तुझ्याशी थोडं बोलून घेतो.

केबल यायच्या आधी आमच्या गाण्याच्या पार्टीचा काय थाट होता! सुटीच्या दुपारी चौकात सतरंजी पडायची. गोकुळ पेटीचा भाता उघडायचा, मी डफ शेकायला घ्यायचो, आणि इथे परमुलखात कापडाच्या लूमवर राबणारे आपले खान्देशी भाऊबंद कोंडाळं करून बसायचे. तिकीट नाही, वर्गणी नाही. गाणं ज्याच्या काळजाला लागलं तो उठून पेटीवर नोट ठेवणार. मी हात वर करायचो, डफ थांबायचा. "मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम डिंडोली, श्रीयुत तमुक यांच्याकडून कलावंताला बक्षीस! पार्टी त्यांची आभारी आहे!" की परत थाप, परत गाणं. ज्याचं नाव पुकारलं तो दिवसभर छाती काढून फिरायचा. कारखान्यात त्याला 'ए कारीगर' म्हणायचे. चौकात तो श्रीयुत व्हायचा.

त्या कोंडाळ्यात बाई नसायची. तुम्ही सगळ्या लांब ओट्यांवरून, पदर दातात धरून ऐकायच्या. बाईमाणसाने चौकात येऊन बक्षीस द्यावं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

मग महेशभाईने खांबाखांबावरून वायरी ओढल्या. एकदा आमचा कार्यक्रम त्याने कॅमेऱ्यात घेतला, म्हणाला आठवण राहील. कसली आठवण! दुपारचा पिक्चर संपला की त्याच्या चॅनलवर आमचीच टेप लागू लागली, आणि चौक ओस पडला. घरात फुकट दिसतोय तर उन्हात कोण बसणार? वर कारखान्यात लोक मलाच येऊन सांगायचे, "काल टीव्हीवर पाहिलं तुला, झकास!" गोकुळ पेटी विकायची भाषा करू लागला. मीही ठरवलं, आधी महेशभाईची कॉलर धरायची आणि मग डफ खुंटीला टांगायचा. गाणं आपल्यासाठी संपलं.

त्या दुपारी मी तणतणत त्याचा जिना चढलो. आत टेप चालूच होती. पडद्यावर मी डोळे मिटून, मान डोलवत गात होतो, आणि पडद्याच्या अलीकडे मी ओरडत होतो, "मेरा गाना है, मेरा पसीना है, मुझको पूछा क्या?" महेशभाई शांत माणूस. म्हणाला, "अरे सुकदेवभाई, हुं क्यां पैसा लउं छुं? लोकोने गमे छे, एटले मूकुं छुं." आवडतं म्हणून लावतो, म्हणे. मी आणखी भडकलो. लोकांना आवडतं, मग माझी सतरंजी रिकामी का?

तेवढ्यात तू आलीस.

धापा टाकत आलीस. केसांत साड्यांच्या दोऱ्यांचे तुकडे अडकलेले, एका हातात कैची तशीच, आणि दुसऱ्या हाताने पदराची गाठ तोंडाशी नेऊन दातांनी सोडत होतीस. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. पाहशील कशाला, तुझा सुकदेव तर पडद्यावर गात होता.

"बेगीन कर भाऊ, गानं सरी जाई! बक्षीस ले, नाव पुकार!"

महेशभाईने कपाळाला हात लावला. "मासी, आ तो केसेट छे."

"कॅसेट शे तर शे. गानं ऐकं ना मी? फुकट कसं ऐकानं?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "ये रहा आपका गानेवाला. इसको दे दो." तू वळून माझ्याकडे पाहिलंस, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं, आता ही लाजेल आणि तोंड लपवून जिना उतरेल. दुसरी कुणीही उतरली असती. कॅसेटमधल्या माणसाला बक्षीस द्यायला धावत येणं म्हणजे काय थट्टेची गोष्ट आहे! गल्लीला वर्षभर हसायला पुरली असती.

"आक्का," मी म्हणालो, "ते कधीचं जुनं आहे. ते गाणं होऊन गेलं."

"चिठी कवयनी लिखेल ऱ्हास," तू म्हणालीस. "रडू मातर वाचती येळे येस ना?"

खरंच, चिठ्ठी कधीची का असेना, रडू वाचतानाच येतं. भांडायला आलो होतो हेच मी विसरलो. मी विचारलं, नाव कुणाचं घ्यायचं? तुझं की घरधन्याचं?

"सुमननं ले. मन्ही शेजारीन. पोट दुखस म्हनीसन पडेल शे, पन टीव्हीकडे तोंड करीसन पडेल शे. तिले तिनं नाव ऐकू येवाले जोयजे."

झालेल्या टेपमध्ये नाव कुठून घालणार? पण महेशभाईने डोकं खाजवलं, "चालो, करीए" म्हणाला, टेप बंद केली आणि कॅमेऱ्याची वायर सरळ मशीनला जोडली. मला स्टुलावर बसवलं. मी घामाघूम, केस विस्कटलेले, कारखान्यातलाच शर्ट, आणि त्या क्षणी मी घराघरांत दिसत होतो. डफही हातात नव्हता. सुमनचा नवरा माझ्याच खात्यात होता, म्हणून त्याचं गाव मला ठाऊक. "मूळ गाव" म्हणून मी ते घेणार, तोच कॅमेऱ्याच्या मागून तू कैची हलवलीस.

"सासरनं नको. माहेरनं गाव ले. सोनगीर."

"माहेर सोनगीर, हल्ली मुक्काम डिंडोली, सुमनबाई यांच्याकडून कलावंताला बक्षीस! पार्टी त्यांची आभारी आहे!"

खाली गल्लीत कुणीतरी किंचाळलं. खिडकीतून पाहिलं तर सुमन ओट्यावर उभी होती, दोन्ही हात गालांवर. पोटदुखी कुठे पळाली देव जाणे. तू मात्र खिडकीशी आलीसुद्धा नाहीस. "साड्यासना गठ्ठा उघडा पडेल शे," म्हणून तशीच लगबगीने गेलीस.

आक्का, मी तेव्हा थक्क झालो तो अजून थक्कच आहे. चौकात नोट ठेवणारा माणूस चार लोकांना दिसायचा. त्याला ते हवंही असायचं, आणि त्यात वाईट काही नाही. तू देताना कुणाला दिसत नव्हतीस. कोणी मागितलेलं नव्हतं. गाणं तर आधीच कानात पडून गेलेलं, ते कोणी परत घेणार नव्हतं. तरी तू धावत आलीस आणि नाव लावलंस दुसरीचं. मी जन्मभर बक्षिसावर गायलो. बक्षीस म्हणजे काय ते तू आल्यावर कळायला लागलं, आणि खरं सांगतो, अजून पुरतं कळलेलं नाही.

तुझं गाणं जोखायचं मापही अजबच होतं. तुम्ही बाया मार्केटमधून आलेले साड्यांचे गठ्ठे घेऊन टीव्ही असलेल्या घरी जमायच्या आणि ऐकता ऐकता लोंबते दोरे कापायच्या. तू मला सांगितलंस, "हात चालू ऱ्हायना म्हनजे गानं बरं शे. कैची थांबनी म्हनजे गानं चांगलं शे." कैची थांबली की तेवढं काम मागे राहणार, तेवढी मजुरी जाणार, आणि तरी तू वर बक्षीस घेऊन येणार! तेव्हापासून कार्यक्रम संपला की गोकुळ मला एकच विचारायचा, "आज कैची थांबली का?" टाळ्यांचं आम्हाला काही वाटेनासं झालं. भल्याभल्यांनी पाठ थोपटली तरी मी जिन्याकडे बघत बसायचो, तू येतेस का म्हणून.

तुझ्यामागून बाकीच्या येऊ लागल्या. पहिल्यांदा दोघी हातात हात धरून आल्या, जशा काही दवाखान्यात आल्यात. मग झुंडीने. महेशभाईने दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि सुटीची दुपार आमच्यासाठी मोकळी केली, तिथून गायचं आणि थेट घराघरांत दिसायचं. जी येईल ती दुसरीचं नाव सांगायची. असा नियम कुणी केला नव्हता. तू तसं केलंस म्हणून त्यांनी तसं केलं. माझ्या तोंडून डिंडोलीच्या घराघरांत शिरपूर, साक्री, पारोळा, कुठली कुठली माहेरं निघाली. वर्षानुवर्षं 'पिंट्याची मम्मी' आणि 'चार नंबरवाली' म्हणून राहिलेल्या बायांना टीव्हीने नावाने हाक मारली. काही जणी रडल्या. एक तर टीव्हीला "ओ" म्हणाली, हे तूच मला सांगून हसली होतीस.

आणि खोलीतलं गाणं आटपलं की चौक परत भरू लागला. टीव्हीत नाव ऐकलेली बाई म्हणे, आता समोर बसून ऐकू. सतरंजीच्या एका बाजूला बाया बसू लागल्या. डफ खुंटीला लागला नाही. गोकुळने पेटी विकली नाही.

आता त्या दुपारचं सांगतो, जिच्याबद्दल तू मला कधी एक अक्षर बोलू दिलं नाहीस. तू जिना चढून आलीस, गाठ सोडलीस, आणि महेशभाईच्या कानात नाव सांगितलंस. त्याने ते मला सांगितलं आणि मी थिजलो. शोभा. माझी बायको.

"आक्का, काहीतरीच काय! कलावंताची बायको कलावंताला बक्षीस देते का?"

"ती गल्लीमा ऱ्हास का नही ऱ्हास?"

राहते, पण आक्का, तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलेलं नव्हतं. घरातही "अगं" नाहीतर "पोरांची माय". लग्नात उखाणा घेतला तेवढाच. आमच्याकडे बाप्ये घेतच नाहीत, आणि मी तर पार्टीचा म्होरक्या, मला वाटायचं आपल्या तोंडाला ते शोभणार नाही. कॅमेरा चालू, गोकुळने पेटीचा सूर धरून ठेवलेला, तू कैची घेऊन समोर उभी. सुटकाच नव्हती.

"माहेर मालपूर, हल्ली मुक्काम डिंडोली," इथवर आलो आणि आवाज फाटला. भरल्या चौकात न हललेला आवाज. मग म्हणालो, "शोभाबाई यांच्याकडून कलावंताला बक्षीस." पार्टी आभारी आहे म्हणायचं विसरलोच. सगळी डिंडोली हसली असेल. संध्याकाळी घरी गेलो तर ती भाकरी थापत होती. ताट वाढलं, तूप जरा जास्तच पडलं. जेवण निम्मं झाल्यावर म्हणाली, "गावनं नाव बरोबर लिधं." आमच्या संसारात ह्याच्याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही, आणि ते तू मिळवून दिलंस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दाराशी आलो. म्हटलं, "आता तुझं नाव घेऊ दे. इतक्या जणींचं घेतलं."

"गल्ली सरू दे," तू म्हणालीस. "मंग मन्हं ले."

मला वाटलं, ठीक आहे, थोड्याच जणी राहिल्या आहेत. पण तुझी गल्ली कसली सरते! एखादी राहिली म्हणता म्हणता भुसावळकडून येणाऱ्या गाडीतून कुणाची तरी सून उतरायची, कुणाची बहीण यायची. ट्रंक, स्टोव्ह आणि भांबावलेला चेहरा. हिला इथली भाषा येत नाही, दुकान ठाऊक नाही, संडासाची रांग ठाऊक नाही. पुढच्याच सुटीला तू हजर, "आजून एक उनी शे भाऊ." टीव्ही नावाने बोलला की तिचा चेहरा उघडायचा. आणि तुझा नंबर एक घर मागे जायचा.

मी किती वाद घातला! म्हटलं, तुझं नाव कुठूनही काढतो आणि तुला न विचारता घेतो. तू म्हणालीस, "ले. मी बटन बंद करसू. मंग कोन ऐकी?" म्हटलं, आक्का, हा हट्ट आहे. तू म्हणालीस, "शे." एकदा मी रागाने म्हणालो, तुला मोठेपणा हवाय, सगळ्यांच्या मागे राहायचा मोठेपणा. तू कैची खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मी उनू तवय आठे माले नावघाई कोनी हाक मारी नही रे." मग कैची उचलून पुढची साडी ओढलीस. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही. तू आलीस तेव्हा इथे तुला नावाने कुणी हाकच मारली नाही, तेवढ्यात सगळं आलं होतं.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात सुमनने तिचा टीव्ही उचलून तुझ्या खाटेशी आणून ठेवला. शेवटी शेवटी मी खोलीतून सुटून थेट तुझ्याकडेच यायचो. एकदा चेष्टेने विचारलं, "आज कैची थांबली का, आक्का?" तुझ्या बोटांत तेव्हा कैची धरायचं बळ नव्हतं हे माझ्या ध्यानात बोलून गेल्यावर आलं. तू हसलीस. "कैची तर कवयनी थांबेल शे. तू गानं म्हन." मी म्हटलं. डफाशिवाय, हळू. तू डोळे मिटून ऐकलंस. मला तेव्हा सांगायचं होतं की त्या दुपारी तू जिना चढली नसतीस तर मी आज गाणारा माणूस नसतो. पण गाणं चालू होतं, आणि गाणं अर्ध्यात तोडलेलं तुला खपायचं नाही.

आता आजचं. गल्लीतल्या सगळ्या बायांनी मिळून तुझ्या नावाचं बक्षीस ठरवलंय. तुझ्या भावाला मी काल विचारलं, कारण तुझा घरधनी मागेच गेलेला, आणि तुझं नाव इथे कुणालाच माहीत नव्हतं. जगाची नावं पुकारायला लावणारी तू, स्वतः मात्र सगळ्यांची नुसती आक्का! त्याला हे आधी खरंच वाटेना. मग त्याने सांगितलं.

पण गोकुळने मघाशी नवीन खोडा घातला. तो म्हणतो, नावाआधी 'कैलासवासी' लावावं लागेल, आणि 'हल्ली मुक्काम' गाळावं लागेल. "मरेल मानूसले हल्ली मुक्काम कसा ऱ्हाई, सुकदेव?" त्याचं चूक नाही. पण ते दोन शब्द गाळले तर तुला गल्लीतून उठवल्यासारखं होईल, आणि तसेच ठेवले तर लोक म्हणतील सुकदेवचं डोकं फिरलं. ठरलेलं नाही काही. निघतो.

परत आलो, आक्का. राहिलेलं सांगतो.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर बाया, खाली बाया. महेशभाईने कॅमेरा चालू केला आणि स्वतः चपला काढून कोपऱ्यात उभा राहिला. मी दोन गाणी म्हटली, तुझी कैची थांबायची ती. मग हात वर केला. डफ थांबला. तोंड उघडणार इतक्यात सुमन दारातून म्हणाली, "थांब भाऊ. कालनी गाडीथून एक उनी शे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक नवी सून उभी होती, डोक्यावरचा पदर सावरत. हे काय चाललंय, ह्या बाया का रडताहेत, तिला काही उमजत नव्हतं. तुला तर तिने पाहिलंही नव्हतं. सुमनने पदराची गाठ दातांनी सोडली आणि नोट डब्यात टाकली.

"माहेर कासारे, हल्ली मुक्काम डिंडोली, रंजनाबाई यांच्याकडून कलावंताला बक्षीस! पार्टी त्यांची आभारी आहे!"

त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं. आजवर मी कॅमेऱ्यात बघायचो, तो चेहरा फक्त तुला दिसायचा. आता कळलं तू काय बघायला जिना चढत होतीस.

मग मी बायांना विचारलं, "गल्ली सरली का?"

सुमनने जिन्याखाली वाकून पाहिलं. "आतेपुरती सरनी. सांजनी गाडी येवानी शे. बेगीन ले."

मी डोळे पुसले, सरळ बसलो. "माहेर पिंपळकोठे," म्हणालो आणि थांबलो. गोकुळने पेटीवरची बोटं उचलली. सुमनच्या हातात तुझी कैची होती, उघडी आणि थांबलेली.

"हल्ली मुक्काम डिंडोली, कौतिकबाई यांच्याकडून कलावंताला बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे."